भिंतीतलं मडकं आणि गुप्तधनाच्या गोष्टी

मातीचं_घर | शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यात आमचं मूळ घर आहे. मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. सध्या आई तिथे एकटी असते, मी पणजीहून शनिवार-रविवार जातो. या पावसात स्वयंपाकघराची मागची भिंत बसली. ढिगारा उपसताना फावड्याला काहीतरी खणकन लागलं. बघतो तर मडकं. पाण्याच्या तांब्यापेक्षा थोडंसं मोठं, तोंडावर करवंटी उपडी बसवलेली आणि कडेने चुन्याने लिंपलेली. चुना इतका घट्ट की करवंटी फुटली पण चुना सुटला नाही. आत हिरवी पडलेली तांब्याची नाणी.

बातमी वाड्यावर पोचायला अर्धा तासही लागला नाही. एका चुलत काकांचं म्हणणं, "हे वरचं, राखणीचं मडकं. खरा हंडा खाली आहे." दुसऱ्या कोणीतरी घाटावरच्या, धन शोधून देतो म्हणणाऱ्या एका पायाळू माणसाचा नंबर आणून दिला. आई दोन रात्री झोपलेली नाही. तिला भीती धनाची नाही, घर खणून काढतील याची आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, या नाण्यांचं काय करायचं? दोन, तुमच्याकडच्या गुप्तधनाच्या गोष्टी सांगा. इतिहास, दंतकथा, मुलांचे गेम, काहीही चालेल. आईला रोज फोनवर वाचून दाखवीन, तेवढंच तिचं मन रमेल.

काजूबोंडू | शुक्रवार, रात्री ९.५२

पहिलं वाक्य: त्या पायाळूला फोन करू नका. सविस्तर नंतर लिहितो.

जुनी_नाणी | शुक्रवार, रात्री १०.१५

नाणी धुऊ नका! चिंच, आमसूल, लिंबू, राख, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावू नका. हिरवा थर घासला की अक्षरं जातात आणि नाणं कायमचं मुकं होतं. सुक्या मऊ ब्रशने वरची माती तेवढी झटका आणि एकेक नाणं वेगळ्या कागदात ठेवा. मडक्याचे तुकडे, करवंटी, चुन्याचा खडा, सगळं जपून ठेवा. नाण्याइतकीच त्यांचीही किंमत आहे. दोन-चार स्वच्छ फोटो टाका, ओळखायचा प्रयत्न करतो.

अबोली_गजरा | शुक्रवार, रात्री १०.४०

आईंना माझ्याकडून ही गोष्ट सांगा. माझं आजोळ काणकोणचं. देवळामागे एक तळी आहे. आजी सांगायची, पूर्वी कुणाच्या घरी लग्न असलं की आदल्या संध्याकाळी तळीच्या पायरीवर हळदकुंकू, नारळ ठेवायचा आणि किती पानं उठायची ते मोठ्याने सांगायचं. पहाटे पायरीवर तेवढी भांडी लखलखत असायची. लग्न उरकलं की घासूनपुसून परत ठेवायची. एका घरातल्या सुनेला एक डाव फार आवडला, तिने तो तांदळाच्या कणगीत लपवला. त्या दिवसापासून तळी गप्प झाली.

लहानपणी मी पायरीवर बसून पाण्यात टक लावून बघायचे, खाली एखादी परात चमकते का म्हणून. आजही त्या तळीत पाय घालताना जरा थांबते.

पेडण्याचा_पाऊस | शुक्रवार, रात्री ११.०५

अबोलीताई, ही गोष्ट आमच्याकडेही आहे! फक्त डावाच्या जागी परात. माझी बायको सातारकडची, तिच्या गावच्या डोहाचीही हीच गोष्ट. आता प्रश्न असा की प्रत्येक गावात एक तरी लबाड माणूस निघालाच कसा?

देऊळवाडा | शुक्रवार, रात्री ११.३०

मला यात लबाडीपेक्षा व्यवस्था दिसते. शंभर पानांची भांडी पूर्वी एका घरात कुठून असणार? देवळाची, गावाची सामाईक भांडी असत, ती मागून न्यायची आणि मोजून परत करायची. एक डाव कमी झाला तर पुढच्या लग्नाला अडचण. ते पोरांच्या मनावर ठसवायला याहून चांगली गोष्ट नाही. म्हणून ती गावोगाव टिकली असं मला वाटतं.

अबोली_गजरा | शुक्रवार, रात्री ११.४१

पटतंय. तरी मला तळीच खरी हवी आहे.

काजूबोंडू | शनिवार, सकाळी ७.२०

आता सविस्तर. माझ्या मामाच्या गोठ्यात धन आहे असं एका भोंदूने सांगितलं. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं दिसतं, हा आपल्याकडचा जुना समज सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने अंगठ्याच्या नखावर काजळ लावून मामाला सात हंडे "दाखवले". मग अमावस्या, मग काळा कोंबडा, मग राखणदाराचा मान, मग नागाची शांत. दर खेपेला पैसे. मामाने काजूची बाग गहाण टाकली. नऊ हात खणल्यावर पाणी लागलं. भोंदू म्हणाला, "धन सरकलं." पुढच्या पावसात गोठ्याची भिंत त्या खड्ड्यात गेली आणि दोन गुरं मेली. मामा त्यानंतर कधी गोठ्याकडे फिरकला नाही. मामी अजून ती बाग लांबून बघते.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधन शोधण्याच्या बहाण्याने केलेल्या अमानुष प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला. किती घरं बुडाली असतील तेव्हा तो आला असेल. "धन सरकतं" हे वाक्य ज्याच्या तोंडी येईल त्याला अंगणाबाहेर काढा.

तेरेखोल | शनिवार, सकाळी ८.०५

काजूबोंडूदादा, वाईट वाटलं वाचून. आणि हे फक्त खेड्यात होतं असं नाही. २०१३ मध्येच उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेड्याला एका साधूला हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं आणि थेट पुरातत्त्व खात्याने खणायला घेतलं. सोनं काही निघालं नाही.

पण धन कधी सापडतच नाही असंही म्हणू नका. तोरणा गड दुरुस्त करताना महाराजांना मोहरांचे हंडे मिळाले आणि त्यातून राजगड उभा राहिला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकली आहे. आणि गोव्यातलंच ताजं: २०२३ च्या नोव्हेंबरात सत्तरीत नाणोडा-बांबरला काजूच्या बागेत एका शेतकऱ्याला मडक्यात आठशेवर तांब्याची नाणी मिळाली. त्यांनी ती सरकारकडे दिली. ना पायाळू, ना कोंबडा.

ब्लॉकवाला | शनिवार, सकाळी १०.३०

गेमचं मी सांगतो, मी बारावीत आहे. माइनक्राफ्टमध्ये बुडालेल्या जहाजात नकाशा मिळतो, त्यावर लाल फुली असते. तिथे जाऊन वाळू खणायची, पेटी मिळते. त्या पेटीत 'हार्ट ऑफ द सी' हमखास असतं आणि ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही. त्याच्याभोवती आठ नॉटिलस शिंपले लावले की कंड्युइट बनतं, मग पाण्याखाली श्वास घेता येतो. जावा एडिशनमध्ये, म्हणजे या गेमच्या संगणकावरच्या एका आवृत्तीत, एक खूण आहे. जग सोळा बाय सोळाच्या चौकोनांत विभागलेलं असतं आणि पुरलेली पेटी प्रत्येक वेळी चौकोनातल्या ९, ९ या जागीच असते. हे कळल्यावर मी चार मिनिटांत पेटी काढायला लागलो. आणि मग मजाच गेली. आता पुन्हा मुद्दाम नुसत्या नकाशावर जातो.

पेडण्याचा_पाऊस | शनिवार, सकाळी १०.४४

म्हणजे तू पायाळू आहेस! आणि स्वतःहून अंजन पुसून टाकलंस. शाबास.

रातकिडा | शनिवार, सकाळी ११.१०

यावरून आठवलं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या कल्पनेतल्या साहसांच्या खेळात मिमिक नावाचा प्राणी आहे. पेटीचं रूप घेऊन कोपऱ्यात बसतो, हात लावला की चिकटवून ठेवतो आणि खातो. पुढे कितीतरी व्हिडिओ गेममध्ये तो आला. आमच्याकडे हेच काम देवचार, म्हणजे राखण करणारं भूत, आणि नाग करतात. धन आहे म्हटलं की राखणदार आलाच. जग कुठलंही असो, फुकटच्या पेटीला हात लावायची भीती माणसाला आहेच.

पाणबुडी | शनिवार, दुपारी १.२०

समुद्रावरचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी. वाळूत पेटी पुरणारे चाचे हे चित्र बरंचसं गोष्टींतलं आहे. चाच्यांची लूट म्हणजे कापड, साखर, मसाला, औषधं. वाटणी होऊन लगेच संपायची. कॅप्टन किडने १६९९ साली न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर खरोखर काही माल पुरला होता, पण तो लगेच खणून काढला गेला आणि त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. १७०१ मध्ये लंडनला त्याला फाशी दिली.

आता गोव्याचं. १७२१ च्या जानेवारीत 'नोसा सिन्योरा दु काबु' नावाचं पोर्तुगीज जहाज गोव्याहून लिस्बनला निघालं. त्यावर मुदत संपवून परतणारे व्हाइसरॉय, एरिसेराचे काउंट होते आणि हिऱ्यांचा मोठा साठा होता. वादळात डोलकाठ्या मोडल्या, जहाज वाचवायला तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. कसंबसं बूर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियोंला, दुरुस्तीला लागलं. एप्रिलमध्ये तिथे फ्रेंच चाचा ऑलिव्हिए लव्हास्यर आणि त्याचा जोडीदार जॉन टेलर येऊन ठेपले. तोफा नसलेलं जहाज काय लढणार? चाच्यांच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या लुटींपैकी ही एक.

१७३० साली लव्हास्यरला रेयुनियोंला फाशी झाली. दंतकथा अशी की फासावर चढताना त्याने गर्दीत एक सांकेतिक चिठ्ठी भिरकावली आणि ओरडला, "ज्याला समजेल त्याने माझं धन घ्यावं." ती म्हणून दाखवली जाणारी चिठ्ठी १९३४ साली छापली गेली, त्याआधी ती कुठे होती याचा धड माग नाही. तरी तिच्यावर विश्वास ठेवून सेशेल्समध्ये माहे बेटावर माणसांनी आयुष्यं घालवली, खडक फोडले, समुद्राला बांध घातले. हाती आजवर काही नाही. मांडवीतून निघालेल्या हिऱ्यांमागे लोक तिकडे अजून खणताहेत, आणि आपल्याकडे हे जहाज कुणाला आठवतही नाही. ते शाळेत शिकवायला हवं.

वास्कोची_लाट | शनिवार, दुपारी २.०५

पाणबुडीदादा, मस्त. 'फ्लोर दि ला मार'ही घ्या. १५१० मध्ये गोवा घेणारा आफोन्सु द आल्बुकेर्क पुढच्या वर्षी मलाक्का लुटून परतताना सुमात्राजवळ ते जहाज फुटलं. तो वाचला, खजिना बुडाला, आजवर सापडलेला नाही.

पाणबुडी | शनिवार, दुपारी २.३०

आणि आपल्या दारातल्या जहाजांत काय मिळालं? दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी बुड्या मारून शोध घेतला. सुंची रीफला, म्हणजे समुद्रातल्या खडकांत, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज जहाज आहे. तिथे तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. आफ्रिका आणि चीन एकाच जहाजात, गोव्याच्या वाटेवर. सेंट जॉर्ज रीफच्या जहाजात काय होतं माहीत आहे? कौलं. 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५' असा शिक्का असलेली.

मला सोन्यापेक्षा ती कौलं जास्त आवडतात. कुणीतरी घर बांधायला काढलं असेल, भिंती उभ्या असतील आणि कौलांची वाट बघत पाऊस आला असेल.

मातीचं_घर | शनिवार, दुपारी ३.१५

पाणबुडीदादा, आत्ता शिडी लावून बघितलं. आमच्या पडवीवरच्या दोन कौलांवर बासेल मिशनचा शिक्का आहे! पंचेचाळीस वर्षं त्याखाली झोपलो, कधी वाचलं नव्हतं.

नाण्यांचे फोटो टाकले आहेत. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला मुकुट की काय ते. साल १८८१ वाचता येतं. एकूण ५७ आहेत.

जुनी_नाणी | शनिवार, सायंकाळी ५.५०

वा! हा पोर्तुगालचा राजा दों लुईश पहिला, आणि नाणं पाव तांगा, 'इंडिया पोर्तुगेझा'चं, म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानचं. गोव्याची टांकसाळ तेव्हा बंद झाली होती, ही नाणी ब्रिटिश हिंदुस्थानातून पाडून आणलेली. दुर्मीळ नाहीत, फार पैसे येणार नाहीत, हे आधीच सांगतो. काकांनाही सांगा.

पण हिशेब बघा. सोळा तांग्यांची एक रुपी. म्हणजे चौसष्ट पाव तांगे झाले की एक रुपी पुरी. तुमच्याकडे सत्तावन्न आहेत. हा हंडा वगैरे नाही, ही कुणाची तरी साठवण आहे. सात नाणी कमी पडत होती.

अबोली_गजरा | शनिवार, सायंकाळी ६.०२

सात कमी. वाचून गलबललं हो.

देऊळवाडा | शनिवार, रात्री ९.१०

लपवणं आपल्या हाडात आहे, यावर जरा लिहितो. १५६० च्या दशकात बार्देश, साष्टीत देवळं पाडली जात होती, तेव्हा लोकांनी आधी काय उचललं? सोनं नाही, देव. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. नदी ओलांडून, अंधारात, अंत्रुजच्या, म्हणजे आजच्या फोंड्याच्या रानात. आज आपण ज्या देवळांना सुट्टीत गाडी घेऊन जातो, ती त्या वेळची लपवायची ठिकाणं आहेत. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराज जुव्यापर्यंत आले, तेव्हा लपण्याची पाळी पोर्तुगिजांवर आली. व्हाइसरॉयने जुन्या गोव्यात सेंट झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड त्याच्या हातात ठेवला आणि शहर वाचव म्हणून विनवलं. पेटीच, पण उलटी: आतून काही काढलं नाही, आत ठेवलं.

माझे आजोबा आमच्या देवळाचे महाजन, म्हणजे कारभारी. देवीच्या दागिन्यांच्या पेटाऱ्याला तीन कुलपं आणि तीन चाव्या तीन घरांत. तिघे आले तरच उघडणार. जत्रेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या मांडीशी बसायचो. झाकण उचललं की कापराच्या लाकडाचा वास यायचा, नाकाला झोंबणारा. प्रत्येक दागिना जुन्या धोतराच्या फडक्यात, फडक्यात मोडीतली याद: कुणी वाहिला, वजन किती. आजोबा याद आधी वाचायचे, दागिना मग उलगडायचे. एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "दागिना सगळ्यांना दिसतो रे."

तेरेखोल | शनिवार, रात्री ९.४५

देऊळवाडाकाका, याला जोडून. १९६१ च्या डिसेंबरात मुक्तीच्या तोंडावर बांको नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेने गोवेकरांचे तारण ठेवलेले दागिने लिस्बनला हलवले. ते परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षं! ज्या बायकांनी मंगळसूत्र, पाटल्या ठेवल्या होत्या त्यांच्यातल्या कितीजणी ते बघायला उरल्या असतील? गोव्यात खजिन्याची गोष्ट कुणी विचारली तर मी हीच सांगतो.

रातकिडा | शनिवार, रात्री १०.२०

सगळं छान चाललंय, पण मूळ प्रश्न राहिलाच. नाण्यांचं करायचं काय? माझं स्पष्ट मत: गप्प बसा. पाव तांग्यांसाठी कचेरीच्या फेऱ्या कशाला? घरातल्या कुणा पूर्वजाची आठवण घरातच शोभते.

वकीलबाय | रविवार, सकाळी ८.३०

रातकिडा, असा सल्ला देऊ नका. १८७८ चा भारतीय निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय मिळालं, कुठे, कोणत्या तारखेला. भिंत यात येते. लपवलं तर शोधणाऱ्याचा वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवलं आणि कुणी मालक सिद्ध झाला नाही, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. सरकारने ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश द्यायची तरतूद आहे.

सगळ्यात मोठा फायदा वेगळाच. एकदा पंचनामा झाला की "खाली हंडा आहे"वाल्यांची तोंडं बंद होतात. आईंना त्याचीच गरज आहे. सोमवारी मामलेदार कचेरीत अर्ज घेऊन जा, पोच घ्या.

रातकिडा | रविवार, सकाळी ८.५५

बरोबर आहे. आईंचा विचार माझ्या मनात आला नव्हता. शब्द मागे घेतो.

काजूबोंडू | रविवार, सकाळी ९.१०

वकीलबाय, हे आमच्या मामाला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर.

मातीचं_घर | गुरुवार, रात्री ८.३०

मंडळी, उशीर झाला. सोमवारी अर्ज दिला, काल तलाठी आणि आणखी दोघेजण घरी आले. काका पण होते. पडलेल्या भिंतीचा पाया मोजून, फोटो काढून, कागदावर लिहून घेतलं की खाली कातळ आहे. काकांनी स्वतः पहारीने ठोकून बघितलं. खणखण वाजला. त्यानंतर ते हंड्याचं बोललेले नाहीत. पायाळूचा नंबर आईने चुलीत घातला.

एक गोष्ट आधी सांगितली नव्हती, कारण मलाच माहीत नव्हती. मडक्याच्या बुडाला मातीचा गोळा चिकटला होता. जुनी_नाणी यांनी सगळं जपायला सांगितलं म्हणून फेकला नाही. तलाठ्यांच्या समोर तो सुटा केला तर आत चांदीचा वाळा निघाला. तान्ह्या मुलाचा, माझ्या दोन बोटांत जेमतेम बसेल एवढा. काळा पडलेला, पण एका जागी आत बाजूला घासून गुळगुळीत झालेला. म्हणजे घातलेला होता. पंचनाम्यात लिहिलं: "लहान मुलाचा चांदीचा वाळा, नग एक."

आई म्हणाली, वाळे जोडीने असतात. तेव्हापासून ती सकाळ-संध्याकाळ ढिगाऱ्यापाशी पाट टाकून बसते आणि पिठाच्या चाळणीने भिंतीची माती चाळते. निम्मा ढीग झालाय. शनिवारी मीही बसणार आहे.